कोरडा की कफाचा?

२ मार्च
आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाला की लोक विचारतात, सुरुवातीचे दिवस कसे होते हो? तेव्हा आठवत बसायला नको.

परिस्थिती अशी. मायदेशी स्वतःचं मेडिकल स्टोअर चालवलेला मी इथे एका फार्मसीत असिस्टंट आहे. काम: शॅम्पूच्या बाटल्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे करणे. औषधांच्या काउंटरमागे उभं राहायचं तर लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. चौदा मेला आहे. नुसती फॉर्मॅलिटी.

आईबाबांना सांगून ठेवलंय की मी औषधंच देतो. अगदीच खोटं नाही. शॅम्पू कोंड्याचाही असतो.

५ मार्च, दुपार
अपमान. एक आजोबा डोकेदुखीची डबी हातात घेऊन म्हणाले, एवढ्या कशाला, मला दोनच पुरे. हाताला सवय. डबी फोडली, कात्रीने स्ट्रिप कापली, दोन गोळ्या कागदी पुडीत घालून दिल्या. आजोबा खूश. मॅनेजरबाई धावत आल्या. आख्खी डबी कचऱ्यात. वर मला विचारतात, एक्स्पायरी डेट कुठल्या तुकड्यावर राहिली?

उत्तर माहीत नव्हतं, पण विचारायची ही पद्धत आहे? कात्री आता कुलपात आहे.

९ मार्च
आईचा फोन. खोकतेय. विचारलं, कोरडा की कफाचा? कोरडा म्हणाली. सिरपचं नाव सांगितलं. या एका प्रश्नावर मी इतकी वर्षं दुकान चालवलं.

मग तिने लग्नाचा विषय काढला. ड्युटीवर आहे म्हटलं आणि फोन ठेवला. (पलंगावर होतो.) जरा वाईट वाटलं. पुढच्या वेळी नीट बोलायचं. नक्की.

२१ मार्च
अभ्यास सुरू. रोज पहाटे पाचला उठणार.

परीक्षेत म्हणे एक नट किंवा नटी पेशंट होऊन येते, त्यांच्याशी बोलायचं. रूममेट तिकडे डेंटिस्ट होता, इथे व्हॅनमधून पार्सलं पोचवतो. त्याला पेशंट केलं. तर म्हणतो, मी तोंड उघडायच्या आत तू औषध देतोस. म्हटलं, यालाच अनुभव म्हणतात. त्यावर म्हणतो, लोकांना तोंड उघडायला लावण्यातच माझी हयात गेली, माझं ऐक.

दाताच्या डॉक्टरने औषधांत नाक खुपसू नये.

२ एप्रिल
पाचचा गजर झाला. बंद केला. थकलेल्या मेंदूत काही शिरत नाही.

आईचा खोकला आहेच. दुसरं सिरप सांगितलं. शिवाय कोमट पाणी, उशी उंच, पंखा बारीक, असं दहा मिनिटं समजावलं. ती हं हं करत ऐकत होती. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. परदेशात राहूनही मुलगा सेवा करतो, आणखी काय हवं? तिची बाकीची चौकशी मात्र राहिली. पुढच्या वेळी.

२५ एप्रिल
खोकला अजून आहे. तिसरं सिरप. आज मी आवाज चढवला. फ्रिजचं पाणी पीत असणार, आमचं कोण ऐकतंय! नाही रे बाबा, म्हणाली. मग मागून बाबांचा आवाज आला, आपला मोठा फार्मासिस्ट काय म्हणतो? चौदा मेनंतर ते खरंच होणार आहे. मी फक्त थोडं आधी सांगितलं, इतकंच.

१३ मे
उद्या परीक्षा. पुस्तक अर्धं राहिलं. शर्टाला इस्त्री केली.

१४ मे
सुटलो! अक्षरशः लॉटरी लागली. पेशंट झालेली बाई आईच्या वयाची, आणि खोकत आली. हसूच आलं. कोरडा की कफाचा? कोरडा. सिरप, कोमट पाणी, उशी, पंखा. बाई सारखा पर्सला हात लावत होती. मला वाटलं पैसे काढतेय. म्हटलं, घाई नको, शेवटी द्या. परीक्षक खाली मान घालून भरभर लिहीत होते. भारावले असावेत.

२ जून
नापास.

पेपर कठीण होता म्हणावं तर तोंडीत गेलोय. सोबत शेरा: पेशंटला इतर औषधांबद्दल विचारलं नाही. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला होतो. बाईच्या पर्समध्ये तीच डबी होती. मी विचारायची ती वाट बघत होती.

हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

२ जून, संध्याकाळ
आई ब्लड प्रेशरची गोळी घेते. माझ्याच दुकानातून न्यायची. मीच स्ट्रिपा मोजून द्यायचो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तीन महिने मी तिला सिरपं सांगतोय, वर तिलाच रागावतोय. जेवण गेलं नाही. रूममेटने विचारलं, काय झालं? दात दुखतोय म्हटलं, तर तपासायला बसला.

३ जून
सकाळी आईला फोन. पहिलाच प्रश्न, प्रेशरची गोळी कुठली चालू आहे?

म्हणाली, ती डॉक्टरांनी एप्रिलमध्येच बदलली, खोकला तिचाच होता म्हणे. आता काही नाही. आणि तिसरं सिरप? कपाटात आहे, सील फोडलं नाही.

मी भडकलो. मग फोनवर खोकत का होतीस?

म्हणाली, दुसरं काही बोलायला गेलं की तुझी ड्युटी लागते. खोकला आहे म्हटलं की दहा मिनिटं तरी बोलतोस.

लाज वाटली. नापास झाल्याचं सांगायलाच हवं होतं, पण तोंड उघडेना. तेवढ्यात तीच म्हणाली, ठेवते हं, तुझी ड्युटी असेल.

तिने ठेवू नये म्हणून मी खोकलो. मुद्दाम, चांगला दोनदा.

लगेच सुरू झाली. कधीपासून? ताप आहे का? झोप लागते का? दुसरी कसली औषधं तर घेत नाहीस ना, आधी ते सांग.

शेवटी विचारलं, कोरडा की कफाचा?

कोरडा, म्हणालो. मग ती बराच वेळ बोलली.