कवठाच्या मैदानावरची बडी

।। श्री ।।
ब्राह्मणपारा, रायपूर
२ डिसेंबर २०२४

ती. प्रमोदिनीताईस दत्तूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुले ऐकू येत नाही आणि मले ओरडवत नाही. मागच्या वेळेस बोललो तर सगळ्या ब्राह्मणपाऱ्याला वाटलं मी मोठ्या बहिणीशी भांडून राहिलो. म्हणून हे पत्र.

बातमी वाईट आहे. आपल्या कवठाच्या मैदानावर गाड्या उभ्या करायची सोय होणार म्हणतात. आजोबांनी आणि त्यांच्या दोस्तांनी खडे वेचून केलेलं मैदान, आणि आता तिथं स्कूटरी! मी महापालिकेत अर्ज केला. १५ तारखेला, रविवारी, तिथल्या कोणी साहूमॅडम पाहणीला येणार आहेत. मैदान वापरात दिसलं तर राहिलं, नाही तर गेलं. ताई, खरं सांगतो, तेव्हापासून मले जेवण गोड लागत नाही.

अर्जात मी सगळं लिहिलं. माती काळी, नळाकडच्या टोकाला बॉल बसतो, देवळाकडच्या टोकाला कानाजवळून जातो. कवठाचं झाड सीमेच्या आत असल्यानं बॉल झाडाला लागला की चार, सोबत कवठ पडलं की सहा. बडीचा नियम मात्र गाळला. शेजारणी मैदानाच्या काठाला रखियाबडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत घालतात आणि त्यात बॉल पडला की बॅट्समन आउट, हे सरकारी कागदावर कसं लिहू? लाज वाटते.

अडचण खेळणाऱ्यांची आहे. अर्धी टीम पुण्यात, उरलेली बंगलोरात. आपला विकेटकीपर चारुदत्त इथंच आहे, पण खाली वाकला की त्याले उठवायला दोघं लागतात. तरी पिच आजोबांच्या पद्धतीनं शेणानं सारवून घेतो. तुझ्या भावजयीला, सुनीतीला सांगितलं आहे की बाया जमव, अंगणासारखं झकास सारव, आणि त्यावर कोणाचा पाय पडता कामा नये.

लोभ आहेच, त्याले या थंडीत ऊब असू दे.

तुझा
दत्तू

।। श्री ।।
धरमपेठ, नागपूर
७ डिसेंबर २०२४

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मैदानाचं वाचून मले कसंसंच झालं. माझं आता माहेर म्हणजे तू, सुनीती आणि ते मैदान, एवढंच उरलं रे. काहीही कर, पण ते वाचव.

बडीचा नियम गाळलास ते मात्र आवडलं नाही. माझं सगळं लहानपण त्या बडीपाशी काठी घेऊन उभं राहण्यात गेलं. कावळे हाकलायचे आणि बॉल पडला की हात वर करून आउट ओरडायचं. पोट्ट्यांनी खेळायचं आणि पोट्टीनं बडी राखायची, असा आपल्या वडिलांचा, तात्यांचा कायदा. तुलेच मी कितीदा आउट दिलं आणि तू कितीदा रडत आईकडे गेलास, ते अर्जात लिहिलंस का?

एक सांगून ठेवते. सुनीतीला सारव म्हणालास, पण काहून सारवायचं ते सांगितलंस का? तुझ्या मनातलं बाकीच्यांना आपोआप कळतं असं तुले जन्मापासून वाटत आलं आहे. सुनीतीला आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींना माझे आशीर्वाद सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझी आठवण काढणारी
ताई

।। श्री ।।
ब्राह्मणपारा, रायपूर
२८ डिसेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या तोंडाला काही पथ्य आहे की नाही? तू लिहिलंस तसंच झालं.

पाहणीच्या रविवारी सकाळी पांढरी पँट घालून, केस विंचरून मैदानावर गेलो. पाहतो तर काय, पिचवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बडी! ओली, पांढरीफेक, ओळीनं घातलेली. आणि जिथं बॅट्समन उभा राहतो तिथं दोन्ही टोकांना रांगोळी.

सुनीतीवर ओरडलो, तर ती उलट माझ्यावर चढली. म्हणाली, लांबलचक जागा, दिवसभर ऊन, अंगणासारखं सारवा म्हणता, वर कोणाचा पाय पडू नये म्हणता, मग ते वाळवणासाठी नाही तर कशासाठी? क्रिकेटच्या जागेवर पाय पडायला कोणी मनाई करतं का? सगळ्या बाया म्हणे मले दुवा देत होत्या की एवढ्या वर्षांनी दत्तोपंतांना अक्कल आली. आणि ओली बडी उचलता येत नाही, उचलली की तिचा गोळा होतो, हे तुले मी काय सांगू!

तेवढ्यात साहूमॅडम आल्या. आम्ही खेळणारे जेमतेम सात, त्यातले दोघं तर रस्ता चुकून आलेले. मॅडमनी विचारलं की इथं क्रिकेट होतं तरी कुठं. मी आजोबांपासून इतिहास सुरू केला. मॅडम घड्याळ पाहून राहिल्या होत्या. मी मनात म्हटलं, गेलं मैदान.

आणि चारुदत्तानं नको तिथं तोंड उघडलं. शेजारच्या रमाकाकूंना म्हणाला, आज पिचवर बडी, आणि त्या संक्रांतीला तुम्हीच बडी दोन हात पुढं सरकवून मले आउट दिलं होतं. झालं! रमाकाकू कंबर खोचून उभ्या. बॉल त्यांच्या बडीत रुतला होता, त्यांनी स्वतः उपसून काढला होता, आणि त्या दिवशीची भाजी कचकच लागली होती. देवळाकडच्या बाया काकूंच्या बाजूनं, नळाकडच्या चारुदत्ताच्या. पंधरा वर्षांपूर्वीचा आउट, पण असा तंटा पेटला की पलीकडच्या पुरानी बस्तीतली माणसं पाहायला आली. मी मॅडमपुढं हात जोडून माफी मागत होतो.

मॅडम मात्र हसू लागल्या. काकूंचा आणि चारुदत्ताचा, दोघांचाही जबाब नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या की ज्या मैदानावरून माणसं अजून एवढी भांडतात ते बंद पडलेलं नाही. आणि जाता जाता निकालही दिला: आउट! चारुदत्त रुसून अजून आमच्याकडे जेवायला येत नाही.

ताई, मैदान वाचलं! मी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली आणि सुनीतीपुढं कान धरले. आज फलक लागला. हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, क्रिकेट एवं बड़ी-पापड़ मैदान. रोज त्याच्याखालून मान खाली घालून जाईन, पण जाईन तर खरं.

संक्रांतीची मॅच ठरली आहे. तू ये. पहिला बॉल तू खेळायचा. तुझं वय पाहून मी अगदी हळू टाकीन.

लोभ असावा, टिंगल थोडी कमी असावी.

तुझा
दत्तू

।। श्री ।।
धरमपेठ, नागपूर
३ जानेवारी २०२५

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग देव्हाऱ्यापाशी बसून मनसोक्त रडले. काळजी करू नको, आनंदानं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं येते. येताना कोहळा आणते. बडी नेहमीच्या जागी, काठालाच घालायची म्हणून सुनीतीला सांग. बडीपाशी काठी घेऊन तू चारुदत्ताला उभं कर, म्हणजे त्याचा राग जाईल.

आणि हळू काहून टाकतोस? नीट टाक, देवळाकडच्या टोकाला टाक. मी पहिलाच बॉल थेट बडीत मारणार आहे. सगळं लहानपण तुम्हा पोट्ट्यांना आउट देण्यात गेलं रे दत्तू. एकदा मलेही कोणीतरी आउट द्या.

तुझी
ताई