तुझं निळं बसकर

प्रिय आई,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मागून आणलेली भांडी परत गेली आणि घर एकदम रिकामं झालं. तुझ्यावर रागवायला आता कुठे उसंत मिळाली, म्हणून लिहितेय.

हो, रागच! लोधीपुऱ्यातल्या शाळेत तुझ्या वर्गातून तू बाकं काढून टाकलीस. प्रत्येकानं घरून आपलं बसकर आणायचं, मग ते गोणपाट असो की जुन्या साडीची घडी, आणि हवं तिथं टाकायचं. रविवारी ओसरीवर तुझी तयारी चाले. धडा एकच, पण एकासाठी चिंचोके, दुसऱ्यासाठी चित्रं, आणि एखाद्याला नुसतं ऐकू द्यायचं. आणि मी? मी पालथी पडून अभ्यास केला की पाठीत धपाटा. "सरळ बस, मनू!" लोकांच्या लेकरांना सगळी मोकळीक आणि पोटच्या पोरीला एकच कायदा? असं का गं?

परवा तुझी तिसरीची पोरं भेटायला आली. प्रत्येकाच्या काखेत बसकर! काका म्हणाले, रांगेत बसा. ऐकतंय कोण? एक तुळशीपाशी बसली, दोघं जिन्यात पाठीला पाठ लावून. एक तर तुझ्या फोटोकडे पाठ करून चित्र काढत राहिला. कुणी रडलं, कुणी नाही.

मी तोवर रडलेच नव्हते. लेक किती कोरडी, अशी बायकांत कुजबुज होती. तेवढ्यात दापोऱ्याहून शाळेत येणारी तुझी रविना माझ्यापाशी आली. तुझं निळं बसकर तिनं माझ्या हातात दिलं.

"दीदी, हे मॅडमचं. तुम्ही कुठं बसनार?"

"मला नाही गं कळत."

"मॅडम म्हने, जिथं जमन तिथं बसा."

मी ते स्वयंपाकघरात नेऊन टाकलं, त्यावर पालथी पडले आणि ढसाढसा रडले. कुणी हटकलं नाही. आई, तेव्हा वाटलं, तू तरी येऊन म्हणावंस, सरळ बस!

तुझी नात आत्ता शेजारी पालथी पडून गणितं करतेय. खोटं कशाला सांगू, माझा हात उठला होता. पण निळं बसकर तिच्या पोटाखाली सरकवलं. तिला जमेल तसं शिकू देईन, आई. वचन देते.

तुझीच,
अजून सरळ न बसणारी मनू