पुसलेली डावी बाजू

जोहे,
सोमवार

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस आणि माझ्या लांबलचक मेसेजवर नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस, म्हणून कान्हूच्या हाती हे पत्र देतेय. तो तुझ्याच शिफ्टला आहे, तेव्हा मिळालं नाही असं म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही. सोबत माझी चित्रवही आहे. ती पत्र वाचून झाल्यावरच उघड. लहानपणी माझी प्रत्येक वही माझ्याआधी तू चाळायचास, आता एवढं एकदा ऐक.

बारशाचं आमंत्रण मिळालं. रविवारी, कोलाडला, मनालीवहिनीच्या माहेरी. ‘प्रणिता, तू ये,’ एवढंच लिहिलंस. आईने तो मेसेज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग उठून आत गेली आणि बाळासाठी शिवलेली झबली पिशवीत घालून माझ्या हातात दिली, म्हणाली, “तुझ्याबरोबर ने.” नात पाच आठवड्यांची झाली आणि आजीने तिला पाहिलंय ते फक्त फोटोत, तेही माझ्या फोनवर. बाबांच्या तेराव्याला सगळ्या भावकीदेखत तू तिला विचारलंस, “रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होतीस, तोंड वाकडं होताना तुला दिसलं नाय?” आणि मग, माझ्या दारात येऊ नको म्हणालास. डॉक्टरांचं वाक्य तुझ्या डोक्यात घुमत होतं, मला माहीत आहे. तीन महिने आधी आणलं असतं तर मेंदूतली गाठ काढता आली असती, असं ते म्हणाले होते. घरात कुणाला चेहऱ्यातला फरक कळला नाही का, असंही त्यांनी विचारलं होतं. तू नागोठण्याला, सुट्टीला घरी येणारा. मग उरली कोण, तर आई. तुझा हिशेब सरळ होता, पण तो चुकला, दादा.

मी रोह्याला काय शिकायला जात होते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. पेणजवळ जन्मून गणपती शिकायला रोह्याला जाणारी ही पहिलीच शहाणी, म्हणून तू आणि आपल्या कारखान्यातला जगन मिळून माझी टर उडवायचात. पण आपल्याकडे मूर्ती साच्यातून निघते आणि साचा बाहेरून येतो. ज्या मूळ मूर्तीवरून साचा काढतात, ती एकदा तरी आपल्या घरात घडावी ही बाबांची इच्छा होती. वृंदाबाईंचं नाव त्यांनीच शोधून काढलं. शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या बाई, माणसांचे मुखवटे घडवतात, हुबेहूब. पहिल्या दिवशी मी शाडूचा गोळा घेऊनच गेले. बाईंनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि माझ्यापुढे एक कांदा मांडला. म्हणाल्या, वर्षभर मातीला हात लावायचा नाही. आधी बघायला शीक, जे नजरेला आलं नाही ते हाताला कुठून येणार. मला इतका राग आला म्हणून सांगू. गणपतीची सोंड मी डोळे मिटून काढेन, आणि तो मेला कांदा मला तीन आठवडे जमेना.

मग किटली, मग बाईंची झिजलेली चप्पल, मग माझाच डावा हात. पेन्सिल हात ताठ करून डोळ्यासमोर धरायची आणि अंतर मोजायचं. दिसतं ते काढायचं, माहीत आहे ते काढायचं नाही. रबर वापरायचा नाही, चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढायची. प्रत्येक पानावर तारीख. परतीच्या एसटीत मी समोरच्या माणसांचे कान बघत बसायची. बायका पदर सावरून घ्यायच्या, कुठून आली ही निरखणारी म्हणून.

फेब्रुवारीत बाईंनी सांगितलं, आता दर आठवड्याला एकाच माणसाचा चेहरा काढ, एकाच जागी बसवून. मी बाबांना धरलं. आखणीला बसले की ते तासभर मान हलवत नसत. इकडे ते मूर्तीचे डोळे आखायचे, तिकडे मी त्यांचे. दादा, त्या दोन महिन्यांत मला आपले बाबा पहिल्यांदा दिसले. उजव्या भुवईतला बारीक व्रण, ब्रश टेकवण्याआधी आत ओढून घेतलेला ओठ. बावीस वर्षं एका घरात राहून मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फार सुखात होते. ते जगनला सांगायचे, “पोरगी माझा पुतळा करणार हाय.”

आता आपल्या कारखान्याची रीत तुला माहीत आहेच. मूर्तीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा केसभर खाली गेला तर ती मूर्ती फळीच्या मागे जाते. बाबा कागदाची पट्टी लावून दोन्ही डोळे जुळवायचे, मलाही तेच शिकवलेलं. बाई माझी चित्रं बघून वैतागायच्या, दोन्ही बाजू सारख्या काढतेस, हा माणूस आहे, मूर्ती नाही. मला ते पटायचं, पण हात ऐकत नसे.

वीस एप्रिलला हाताने ऐकलं. मी मोजलं, पुन्हा मोजलं आणि जसं दिसलं तसंच काढलं. डावी पापणी खाली आलेली, ओठाचा डावा कोपरा उतरलेला, नाकापासून ओठाकडे येणारी घडी त्या बाजूला पुसट. बाबांनी वाकून पाहिलं आणि हसले, “माझं तोंड वाकडं केलंस काय गो?” जगनही हसला. मी शरमले. सहा महिने रोह्याला जाऊन बापाचं तोंड धड काढता येत नाही! रबर घेतला, कागदाची पट्टी लावली आणि डावी बाजू उजवीबरोबर जुळवून टाकली. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच, आणि मुळात तेव्हा पापणी आणखी खाली होती. बाईंनी ते पान उजेडाकडे धरलं. विचारलं, इथे काय पुसलंस? मी म्हटलं, चुकलं होतं. घरी जा आणि परत नीट बघ, असं त्या म्हणाल्या. मी बघितलं नाही. सीझन सुरू झाला होता आणि मला वाटलं, बाईंना सदान्‌कदा खोट काढायचीच सवय आहे.

जुलैत बाबा ब्रश हातात असताना कलंडले, त्यापुढचं सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. मे महिन्यात एकदा दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, “ह्यांचं तोंड मला एका अंगाला उतरल्यावानी वाटतंय गो. पेणला दाखवून आणूया काय?” चष्म्याची काच तडकलेली, कधी पेन्सिल हातात न धरलेली माझी आई. तिला दिसलं होतं. आणि मी, सहा महिने बघायला शिकलेली, काय केलं? वही उघडली आणि तिच्यापुढे धरली. म्हटलं, आई, मी दर आठवड्याला मोजून काढते, बघ, दोन्ही बाजू सारख्या आहेत. आधी तुझा चष्मा बदल. ती वहीकडे बघत राहिली आणि तिला ते पटलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. तेराव्याला तू ओरडलास तेव्हा तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लोक पांगल्यावर मी रडायला लागले तर मलाच दटावलं, “त्याला काय सांगू नको. माझ्यावर रागावला तर मी सोसंन. तू नाय सोसणार.” मी चार महिने तिचं ऐकलं, कारण ते मला सोयीचं होतं. वीस एप्रिलचं पान उजेडात धर. पुसलेल्या रेघा अजून दिसतात. रविवारी आई पेणहून नऊच्या महाड गाडीने निघेल. मला ताप आलाय आणि तूच तिला बोलावलंयस, असं मी तिला सांगणार आहे. तू स्वतः कोलाडच्या स्टॉपवर उभा राहा. मी लिहिलेलं तिला कळू देऊ नकोस, ती तिथूनच माघारी फिरेल. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, पण या आत्याने तो मान ठेवलेला नाही. नाव आईला सांगू दे. तुला मला जे बोलायचं ते नंतर ये आणि बोल, घरी मीच असेन.

तुझीच,
प्रणिता