पाचव्या उपासाची कचोरी

जळगाव,
कोजागिरीचा दुसरा दिवस
(आमच्या घरी कोजागिरी रोजचीच असते, फक्त दूध मिळत नाही.)

प्रिय हेमे,

तुला आणि वनाभाऊंना माझा जय जिनेंद्र आणि धुळ्याच्या तुमच्या सगळ्या गोतावळ्याला नमस्कार. तुझा गुडघा, वनाभाऊंची शुगर आणि तुझ्या सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही आता उतारावर असतील अशी आशा करते (तिसऱ्याची फारशी नाही). इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ते आधी लिहून टाकलं. आता खरं काय ते वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं संध्याकाळच्या आत दाणाबाजारात पोचतं. शिवाय धरणगावच्या शाळेत तुझ्या शेजारी बसून मराठी शिकले, छड्या खाऊन शुद्धलेखन शिकले, ते काय फक्त किराणा सामानाची यादी लिहायला?

आमच्या शेठजींची झोप तुला माहीतच आहे. तुझ्या मुलीच्या लग्नात भर मांडवात, बँडवाल्यांच्या शेजारच्या खुर्चीत झोपले होते आणि बँडवाल्यांनी तक्रार केली होती. दाणाबाजारात तर हे नावाजलेले. दुपारी जेवून गादीवर लोडाला टेकले की दलाल लोक तुरीचा भाव विचारायचे सोडून दारात उभे राहून ऐकायचे. शेठजी काय गाढ झोपतात, मनाला काही टोचणी नाही, धंदा सरळ आहे, अशी ख्याती पार नशिराबादपर्यंत. घोरण्यामुळे माणसाची अब्रू वाढलेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मी त्या अब्रूच्या शेजारी लग्न झाल्यापासून पडलेली असते. मधेच ते घोरणं तटकन थांबतं, घर शांत होतं, आणि बराच वेळ काहीच येत नाही. मग एकदम बुडता माणूस वर यावा तसा आवाज होऊन गाडी पुन्हा सुरू. मला वाटायचं, स्वप्नात हरभऱ्याचा भाव ऐकून दम धरत असतील.

गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र यांचं विसरणं वाढलं. सुरुवातीला आम्ही हसायचो. स्कूटरवर दुकानी जायचे आणि रिक्षाने घरी यायचे, मग स्कूटर चोरीला गेली म्हणून आमच्यावरच डाफरायचे. एकदा एकाच घरी दोनदा सांत्वनाला जाऊन आले. दुसऱ्यांदा हे पांढरे कपडे घालून दारात उभे राहिले तेव्हा त्या घरातली माणसं घाबरली की आता आणखी कोण गेलं. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन म्हाताऱ्या काकांना हलवून पाहिलं म्हणे. मनन (माझा मुलगा, तू त्याला बघितलंस तेव्हा तो शेंबडा होता, आता नुसता गंभीर असतो) म्हणायला लागला की बाबूजींचं डोकं चालत नाही. मी म्हटलं, तुझं तरी कुठे चालतं, पण तुला कोणी बोलत नाही.

आणि मग पर्युषण आलं. यांनी जन्मात कधी लागोपाठ दोन उपास केले नव्हते. यंदा उठले आणि थेट अठाई करतो म्हणाले, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. (तुमच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा कीस असतो, तसलं आमच्यात काही नसतं. तुला टोचून बोलत नाही, माहिती देते.) घरात काय उत्साह. सुनेने, आयुषीने, शेवटच्या दिवसाच्या मिरवणुकीसाठी बँड ठरवला, नरडाण्याच्या काका-काकूंनी आम्ही येणार म्हणून कळवलं, माझ्या नणंदेने नवी साडी घेतली आणि बायका रोज आमच्याकडे तपाची गाणी म्हणायला जमायला लागल्या. चार दिवस हे असे बसले होते की मलाच यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी हे स्थानकात (रेल्वेच्या नव्हे, आमचे साधू उतरतात त्या) महाराजसाहेबांचं प्रवचन ऐकून, त्यांच्याकडून त्या दिवसाच्या उपासाचा नियम घेऊन निघाले. घरी यायचं ते सवयीने दाणाबाजारात गेले, सवयीने नथ्थूच्या गाडीपाशी थांबले आणि सवयीने कचोरी घेतली. वर हिरवी चटणी मागितली. हेमे, तुला यातलं दुःख कळणार नाही. पर्युषणात आमच्याकडे हिरवी मिरचीसुद्धा घरात येत नाही. उपास मोडला तो मोडला, पण कोथिंबिरीने मोडला. नथ्थूला बिचाऱ्याला सगळं माहीत, कारण अख्ख्या बाजारात यांच्या तपाचे फलक लागले होते आणि त्यातला एक त्याच्याच गाडीमागे होता. तो हळूच म्हणाला, "शेठ, तुमना ते उपास चालू शे ना?" त्यावर हे, तोंडात घास असताना, हात जोडून म्हणाले, "हो, आज पाचवा." आणि दुसरी कचोरी घेतली.

महाराजसाहेबांना सांगायला मनन रडवेला होऊन गेला, तर ते शांतपणे म्हणाले की नजरचुकीने झालं, प्रायश्चित्त घ्या, आणि आधी त्यांना झोप लागते का ते बघा. एवढ्या सगळ्यांत महाराजसाहेब एकटेच डोक्याचं बोलले. बाकी घरात सुतक असल्यासारखं झालं. बँड शेवटी वाजला, तो शेजारच्या जिनलच्या अठाईसाठी. त्या मिरवणुकीत हे सगळ्यात पुढे चालले आणि लोकांच्या शुभेच्छा घेत होते. मी मागून यांचा सदरा ओढून थकले.

मग डॉक्टर दिपमालाबाईंकडे नेलं. पोरगी लहान आहे पण मेंदूची डॉक्टर आहे, आणि तिला हसू आवरता येतं, हे त्या धंद्यात फार कामाचं. तिने यांची परीक्षा घेतली. आज काय आहे विचारलं, तर यांनी तिथी, वार, नक्षत्र सगळं सांगितलं, तारीख मात्र येईना. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर असे सुटले की बाईंनाच थांबा म्हणावं लागलं. नंतर तिने पाच शब्द दिले: छत्री, गूळ, रेल्वे, पोपट, पितळ. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून मग परत विचारले. यांना गूळ आणि पितळ आठवले. ज्यांना बाजारात भाव आहे तेवढेच शब्द टिकले. बाईंनी ते लिहून घेतलं आणि मग झोपेचं विचारलं. मी घोरण्याचं वर्णन केलं, नक्कल करून दाखवली, बाहेर बसलेले पेशंट उठून बघायला आले.

बाईंनी एक छोटं यंत्र घरी दिलं, ते बोटाला, छातीला लावून झोपायचं. त्याचा अहवाल आला तो ऐकून हे जे चिडले तसे मी यांना जीएसटीवरसुद्धा चिडलेले पाहिले नाही. अहवालात असं निघालं की हे झोपतच नाहीत. म्हणजे पडतात, घोरतात, पण घशातली वाट बंद होऊन श्वास अडतो, मेंदू दचकून अर्धा जागा होतो, श्वास सुरू करतो, की पुन्हा तेच, रात्रभर. यांचा सगळा जन्म झोपेच्या नावलौकिकावर गेलेला, आणि ही पोरगी सांगते की तुम्ही कित्येक वर्षांत धड झोपलाच नाहीत. मला म्हणाले, या बाईला दुकानी बोलाव, दलालांना विचारू दे.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. दिवसभरात डोक्यात जो माल येतो तो गाढ झोपेत जागच्या जागी लागतो, आणि केरकचराही तेव्हाच निघतो. इथे हमाल पोतं उचलायला वाकला की कोणीतरी येऊन "कोण आहे रे" म्हणून ओरडतं, की पोतं रस्त्यावरच. अशी वर्षानुवर्षं गेली तर विसरण्याचा खरा आजार जडायची भीती वाढते. तो यांना लागलाय का, ते आत्ताच सांगता येत नाही, म्हणाली. नाकावर हवेचं मशीन लावून रोज झोपू देत, काही महिन्यांनी परत परीक्षा घेऊ, बऱ्याच जणांचं डोकं ताजंतवानं होतं, सगळ्यांचंच होतं असं नाही. मला तिचं हे शेवटचं वाक्य आवडलं. खात्री देणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही.

मशीन आलं. नळी, नाकावरचा मुखवटा, डोक्यामागून पट्टे. हे म्हणाले, आमचे साधू तोंडाला मुहपत्ती बांधतात ती संसार सोडल्यावर, मला तुम्ही संसारातच बांधताय. बाईंनी सांगितलं होतं की सवय व्हायला दिवसा जागेपणी थोडा वेळ लावून बसा. म्हणून नवरात्रात एका दुपारी मी यांना दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसवून तोंडावर ते चढवलं आणि स्वयंपाकघरात गेले. नेमके त्याच वेळी नरडाण्याचे पाहुणे त्यांच्या रोनकच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. दारातून यांना पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. काकूंनी पत्रिका आणि पेढ्यांचा डबा पटकन पदराखाली घेतला (अशा वेळी लग्नाचं बोलणं बरं दिसत नाही) आणि काकांनी डोळे मिटून मांगलिक (आमच्यात शेवटच्या घटकेला माणसाच्या कानावर घालतात तो पाठ) म्हणायला सुरुवात केली. हे बोलायला बघत होते, पण त्या मशीनमध्ये तोंड उघडलं की हवा फुस्सकन बाहेर येते आणि शब्द आतच राहतो. यांनी हातवारे केले, तर काकांना वाटलं निरोप घेताहेत. ते आणखी मोठ्याने म्हणायला लागले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काकू मला मिठी मारून रडल्या, आणि मला कशासाठी ते कळायच्या आत मीही थोडी रडले. काय करणार, आपलं माणूस रडत असलं की राहवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून साता विचारायला, म्हणजे तब्येतीची चौकशी करायला, लोकांची रीघ. सफरचंदं, शहाळी, मोसंबी. एवढी माणसं तोंड पाडून आली की यांना उगाच आडवं व्हावं लागलं, कारण उठून बसले तर लोकांचा येण्याचा खर्च वाया गेल्यासारखं दिसलं असतं. त्या दिवसापासून मशीन कपाटावर, पिशवीत. यांचं म्हणणं, ते लावून मेलेलं दिसण्यापेक्षा घोरत जिवंत राहीन. लग्नाची पत्रिका आम्हाला अजून मिळालेली नाही.

इथवर हसलीस ना? आता ऐक. मागच्या आठवड्यात दुपारी हे जेवायला घरी आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. फाटक उघडं होतं. हे आमच्या घराकडे बघत होते, शेजारच्या घराकडे बघत होते, आणि कोणी तरी येऊन आत नेईल म्हणून थांबल्यासारखे थांबले होते. मी हाक मारली तेव्हा हसले आणि म्हणाले, जास्वंदाला फुलं किती आली ते मोजत होतो. हेमे, आमच्याकडे जास्वंद नाही. मला फार भीती वाटली. अजून वाटते. मननने ठरवलंय की या लक्ष्मीपूजनाला गादीवर तो बसणार आणि दिवाळीनंतर बाबूजी घरी. यांना अजून सांगितलेलं नाही. मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की दिवाळीपर्यंत यांनी रोज मशीन लावलं, तर बाईंची पुढची परीक्षा होईपर्यंत गादीचं नाव काढायचं नाही. आणि यांना मशीन दाखवलं की हे उठून गच्चीवर जातात.

बाकी ठीक. वनाभाऊंना आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार किंवा आशीर्वाद पोचव, कोणाला काय ते तू बघ. शहाळी खूप उरलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

तुझीच,
भंवरी

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. तू मागे सांगितलंस की वनाभाऊ वर्षभर हेच मशीन लावून झोपतात. त्यांना आठ दिवस आमच्याकडे पाठव, स्वतःचं मशीन घेऊन, सहज म्हणून. हे तुझ्या नवऱ्याला पहिल्यापासून मानतात, आखाड्यात त्यांच्या हातचा मार खाल्ल्यापासून. वनाभाऊंनी आल्या आल्या सगळ्यांसमोर विचारायचं की उशाशी प्लग कुठे आहे, आणि यांनी तोंड वाकडं केलं की फक्त एवढंच म्हणायचं, "मी लावस, तुमले काय व्हस?" पुढचं मी बघते. दिवाळीच्या आत पाठव.

ता. क. दुसरा. वनाभाऊंना हे सांगू नकोस, मननला तर नाहीच. त्या दिवशी यांना बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी मला थांबवलं. यांचा श्वास थांबला की मी जागी होते, तो परत सुरू होईपर्यंत डोळा लागत नाही, हे मी बोलता बोलता सांगून गेले होते. तर बाई म्हणाल्या, काकू, मग झोप तुमचीही गेलीय, आणि त्यांनी मला पाच शब्द विचारले, तेच, जे मी यांच्या शेजारी बसून ऐकले होते. हे घरात इतकं निर्धास्त विसरतात ते मी लक्षात ठेवते म्हणून. मला पोपट आठवला, बाकी काही नाही. वरचे पाचही शब्द बाईंच्या कागदावरून उतरवून घेतले आहेत.