बाबांचे पाच जण

दादा,

उल्हासनगरचा तो माणूस दुपारी बाबांचा कॉम्प्युटर न्यायला येईल, त्याला परत पाठव. मशीन विकायचं नाही. मी अंबरनाथला कामावर चाललेय.

काल तू आत्याला म्हणालास, "बाप जाऊन महिना नाही झाला आणि ही गेम खेळत बसते." हो, बसते. त्या गेममध्ये बाबा एकटे पाच जणांना लढवायचे. एक बटण दाबलं की सगळे मिळून वार करायचे. त्यांतली वैद्यीण मात्र पाचही जणांना एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या बटणावर होती. मला वाटलं, जोडायची राहून गेली असेल. मी जोडली. ती बाकीच्यांबरोबर पुढे धावली आणि पाचही जण मेले. तेव्हा कळलं, बाबा तिला मुद्दाम मागे उभी ठेवायचे, बाकीच्यांच्या जखमा भरायला. रविवारी सगळं पुन्हा त्यांच्यासारखं लावलं, आता टिकतात.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तू सांगितलंस ते सगळं मी निमूट केलं. मशीन ठेवायचं मात्र तुला विचारून ठरवणार नाही. आमटी गॅसवर आहे, आईला आधी वाढ. वाद घालायचा असेल तर सातनंतर घाल. मी बाबांच्या खुर्चीतच असेन.

करुणा