न घेतलेला पंप

बोरी अरब, २० जुलै २०२५

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहिते. बाबा गेल्यावर हा पहिलाच हंगाम. तुरीचं निंदण झालं.

मागच्या साली फवारणी पंपाच्या कंपनीने आपल्या वावरात बाबांचा व्हिडिओ काढला होता. ती जाहिरात आता माझ्या फोनवर येते. पंप पाठीवर घेऊन बाबा सांगतात की मले आता पाठदुखी नाही, तुम्ही काहून वाट पाहून राह्यले. शेवटी बाजूला पाहून हसतात. तिथे मी उभी होते, त्यांचा दुपट्टा धरून.

शेजारच्या गोपालने ती जाहिरात फोनमध्ये साठवून दिली. ती मी उघडत नाही. उघडली तर मीच बाबांना बोलावल्यासारखं होतं. जाहिरातीत ते आपले आपण येतात, वावरातून यायचे तसे.

वेळेवर जेवत जा.
तुझी आई

पुणे, २८ जुलै

ती. आईस साष्टांग नमस्कार.

मलाही ती दिसते, ऑफिसात, अचानक. मी लगेच पुढे सरकवते. बंद करा म्हणून कंपनीला लिहिलं होतं. उत्तर आलं की प्रतिसादाबद्दल आभार, जवळच्या विक्रेत्याचा नंबर सोबत देत आहोत. तुझं पत्र वाचून तक्रार मागे घेतली. बाबांना ऐकणारी माणसं हवी असायची; आता राज्यभर मिळाली.

तब्येत सांभाळ.
तुझी अर्पिता

बोरी अरब, ८ ऑगस्ट

चि. अर्पितास आशीर्वाद.

रागावू नको. जाहिरातीखालचं बटण माझ्याकडून दाबलं गेलं. तेव्हापासून कंपनीची मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची की ताई, पंप कधी पाठवू. मला ओशाळं वाटलं. फुकट किती दिवस पाहायचं? घरात बाबांचा पंप असून नवा मागवला. वाटलं, कंपनी खूश होईल, जाहिरात चालू ठेवील.

पंप आला. तेव्हापासून बाबा आले नाहीत. पंप कसा वाटला, तारे द्या, एवढाच निरोप येतो. पाचही तारे दिले. माझं काय चुकलं ते कळव.

आई

पुणे, १४ ऑगस्ट

ती. आईस साष्टांग नमस्कार.

तुझं काहीच चुकलं नाही. ज्याने घेतलं त्याला ती जाहिरात दाखवत नाहीत. न घेणाऱ्याच्याच मागे लागतात.

मी पंप घेतलेला नाही. काल बाबा माझ्या फोनवर आले. पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं, तुझ्याकडे वळून हसले तिथपर्यंत.

पोळ्याला येते. फोन तुझ्याजवळ ठेवीन. फक्त कोणतंही बटण दाबू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे.
अर्पिता