करडईचं तेल आणि काळी माती

प्रिय सबीहा बेटा,

परवा फोनवर तू म्हणालीस, दादा, सिद्धता पुढं सरकत नाही, संशोधन सोडून घरी येते. तेव्हापासून तुझी दादी हवेत आहे. बाळापूरच्या बाजारातून पडद्याचं कापडही आलं.

शेजारचा ज्ञानबा मेंढरं कोंडून आला आणि म्हणाला, "पोरगी काहून येऊन राहिली? काय अडलं?" मी वर्गात कवितेचा अर्थ सांगतात तसं सांगितलं. जमिनीखाली खडक, कुठं बारीक छिद्रांचा, कुठं मोठ्या. त्यात तेल भरलेलं. त्यात पाणी ढकललं तर कोण कुठून सरकेल, याचं एक समीकरण असतं. आमची सबीहा ते सोडवत नाही. त्याला उत्तर आहे का, आणि एकच आहे का, एवढंच सिद्ध करते.

ज्ञानबा तंबाखू मळता मळता म्हणाला, "म्हंजे उत्तर हाय म्हणती, पर काय हाय ते सांगत न्हाई? त्यापरीस आपला पाणाड्या बरा. हातावर नारळ ठेवून बोअरची जागा तरी दाखवतो. पाणी लागत न्हाई, ती गोष्ट अलग."

मला राग आला. तुझ्या विद्येची इज्जत राखायला मी तळाला भोकं पाडलेला डबा घेतला, त्यात वाळू, मुरूम, काळी माती असे थर दाबून भरले, वरून करडईचं तेल ओतलं, मग पाणी. थेंब पडायची वाट बघत शाळेच्या चालीवर झऱ्याची कविता म्हणत बसलो. तिसरीत तुला तीच शिकवत होतो, तर तू मधेच विचारलंस, हे पाणी खडकातून कोणत्या वाटेनं आलं? कवितेत असलं विचारू नये, असं मी म्हटलं होतं. असो. काळी माती फुगून बसली. खालून ना तेल आलं ना पाणी, मागून तुझी दादी आली. तेल कुठं गेलं म्हणाली. म्हटलं, सबीहा तेच तर शोधून राहिली. "येऊ दे तिला," ती म्हणाली, "आधी माझं तेल शोधायला लावते." ज्ञानबा अजून हसून राहिला आहे.

आता खरं सांगतो. दादीनं मला लिहायला बसवलंय ते 'लवकर ये' म्हणून. रविवारी जवळा बाजारहून तुला बघायला पाहुणे येणार आहेत. फोनवर ती शेजारीच बसलेली असते आणि स्पीकर चालू असतो, म्हणून हे कागदावर. येऊ नको बेटा. आपल्या घरात कापसाचा भाव सगळ्यांनी विचारला, पण ज्याचं उत्तर जगात कोणालाच ठाऊक नाही असं काही विचारणारी तू पहिली. अडलंय तर अडू दे, तिथंच बसून राहा. तिकीट काढलं असशील तर रद्द कर. पाहुण्यांना चहा पाजून मी बराबर परत पाठवतो. दादीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण ती तकलीफ माझी.

तुझ्या न सुटलेल्या गणितासकट तुझाच,
दादा जलालुद्दीन